माफी मागतात, खेद व्यक्त करतात

‘मॅडम, आम्ही माफी कुठे मागितलीय?’

फोन एका कंपनीच्या कायदा विभागातून होता. त्यांच्या ग्राहकांना जाणाऱ्या पत्राचा मराठी अनुवाद मी आदल्याच दिवशी पाठवला होता. मूळ वाक्य चार शब्दांचं: ‘वी रिग्रेट द डिले.’ मी केलं होतं, ‘झालेल्या उशिराबद्दल आम्ही आपली माफी मागतो.’ वाचायला बरं वाटत होतं, माणसाने लिहिल्यासारखं. पलीकडचे गृहस्थ मात्र हैराण. ‘अपॉलॉजी लिहायची असती तर आम्हीच लिहिली असती ना,’ म्हणाले. मी मनातल्या मनात चरफडले. इतकी वर्षं अनुवाद केल्यावर कुणी शब्दाचा अर्थ शिकवायला लागलं की होतंच तसं. पण फोन ठेवल्यावर पुन्हा वाचून पाहिलं आणि कळलं की माणूस बरोबर होता. पत्रात ‘आमचं चुकलं’ असं कुठेच नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं होतं.

आज हे आठवलं ते सध्या फिरणाऱ्या एका चित्रामुळे. तुम्हीही पाहिलं असेल. ‘व्हेरी म्हणणं सोडा’ असा मथळा, डावीकडे साधे शब्द, उजवीकडे त्यांच्या जागी वापरायचे भारदस्त. व्हेरी टायर्ड नको, एक्झॉस्टेड म्हणा. व्हेरी थिन नको, स्किनी म्हणा. (म्हणून बघा एखाद्या बाईला. स्लिम म्हटलं तर हसेल, स्किनी म्हटलं तर वर्षभर लक्षात ठेवेल.) खाली ‘सेव्ह करून ठेवा’ असा प्रेमळ सल्ला. माझं मत विचाराल तर या चित्रांनी इंग्रजी सुधारत नाही, बिघडतं. शाळेत आपण पाणी, जल, नीर, तोय असं पाठ केलं, मार्कही मिळाले. पण तहान लागल्यावर कुणी ‘घोटभर तोय दे गं’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. मराठीत हे सांगावं लागत नाही, कानच सांगतो. इंग्रजीत कान तेवढा तयार नसतो, म्हणून आपण यादीवर भिस्त ठेवतो.

गंमत म्हणजे या सगळ्या याद्यांचा जो मूळपुरुष, त्या पीटर मार्क रोजेचा असा काही दावा नव्हता. पेशाने डॉक्टर असलेल्या या माणसाने 1852 मध्ये, वयाच्या 73व्या वर्षी, आपला थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाच्या शब्दांचा कोश, छापला. शब्द कल्पनांनुसार लावले, पण त्यांच्या व्याख्या दिल्या नाहीत. वाचणाऱ्याला शब्द ठाऊक आहेत, फक्त ऐनवेळी जिभेवर येत नाहीयेत, असं धरून केलेलं ते काम. आपण मात्र ते नेमकं उलट्या बाजूने वापरतो. माहीत नसलेला शब्द उचलतो आणि चिकटवतो.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने हेच केलं होतं. ओळखीच्या एकांचे वडील गेले, तर सांत्वनाच्या मेलमध्ये त्याला ‘सॉरी’ फार बाळबोध वाटलं. यादीत पाहून त्याने ‘आय अपॉलोजाइज फॉर युअर फादर्स डेथ’ असं लिहिलं आणि पाठवूनही दिलं. म्हणजे तुमचे वडील गेले, त्यात माझा हात होता! पुढे काय झालं ते त्याने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सॉरी, रिग्रेट, अपॉलॉजी. तिन्ही एकाच रांगेत सापडतात, पण घराणी वेगळी. सॉरीचं मूळ जुन्या इंग्रजीत, ‘सोअर’ म्हणजे दुखरं, त्या शब्दाच्या घरातलं. ‘सॉरो’शी, म्हणजे दुःखाशी, त्याचं नातं असेल असं वाटतं, पण नाही, ते नुसतंच तोंडावळ्यातलं साम्य. रिग्रेट फ्रेंचमधून आलं, तिथे त्याचा अर्थ गेलेल्या माणसासाठी शोक करणं असाही होता. आणि अपॉलॉजी ग्रीक. अपोलोगिया म्हणजे आरोपाला उत्तर, बचावाचं भाषण. सॉक्रेटिसने अथेन्सच्या न्यायालयात अपॉलॉजी केली म्हणतात, त्यात त्याने काडीचीही माफी मागितली नाही.

आता आपल्याकडे बघा. दिलगीर हा फारसीतून आलेला शब्द, आधी त्याचा अर्थ नुसता खिन्न, दुःखी एवढाच. म्हणजे सॉरीचा जुळा भाऊच म्हणा. खेद संस्कृत, माफी अरबी. पण मला खरा फरक सापडला तो क्रियापदात. खेद व्यक्त करतात. दिलगिरी व्यक्त करतात. माफी मात्र मागतात. व्यक्त करायला समोर कुणी असलंच पाहिजे असं नाही, भिंतीसमोरही व्यक्त करता येतं. मागायला समोर माणूस लागतो, आणि तो नाही म्हणू शकतो. आपला हात खाली, त्याचा वर. इंग्रजीत अपॉलॉजी ‘ऑफर’ करतात, म्हणजे देणाऱ्याचा हात वरच राहतो. कंपनीच्या साध्या खेदाची मी मागणी करून टाकली होती. त्या गृहस्थांचा जीव उगाच नव्हता कासावीस झाला.

हे शब्दांचे चोचले आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी 1 एप्रिल 2001 ची गोष्ट आठवावी. दक्षिण चीन समुद्रावर अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक बेपत्ता झाला. अमेरिकी विमान परवानगीविना चीनच्या हैनान बेटावर उतरलं आणि त्यातले 24 जण चीनच्या ताब्यात गेले. अमेरिकेने आधी रिग्रेट देऊन पाहिलं. चीनला हवी होती दाओछिएन, म्हणजे रीतसर माफी. मग दहा दिवस दोन्ही बाजूंचे मुत्सद्दी शब्द तोलत बसले. 11 एप्रिलला पत्र गेलं, त्यात ‘व्हेरी सॉरी’ दोनदा. एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल, एकदा तोंडी परवानगीवाचून हद्दीत शिरून उतरल्याबद्दल. चीनने आपल्या लोकांना सांगितलं, त्यांनी माफी मागितली. अमेरिकेने आपल्या लोकांना सांगितलं, आम्ही माफी मागितलेली नाही. आणि 24 जण घरी गेले. ‘व्हेरी म्हणणं सोडा’ वाल्यांनी हे पत्र सुधारायला घेतलं असतं तर काय झालं असतं, कोण जाणे.

यावरून सॉरी हा हलका शब्द असं ठरवून टाकाल, तर लगेच ऑस्ट्रेलिया आडवी येते. तिथे सरकारी धोरणाने आदिवासी मुलं पिढ्यानपिढ्या घरांतून उचलून नेली गेली. 1999 मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत जो ठराव आणला, त्यात ‘डीप अँड सिन्सिअर रिग्रेट’ होतं. सॉरी म्हणायला त्यांनी नकार दिला. आधीच्या पिढ्यांच्या कृत्याची जबाबदारी आजच्या पिढीने का घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. लोक त्याच्या आधीपासूनच, 1998 पासून, ‘सॉरी डे’ पाळत होते. अखेर 13 फेब्रुवारी 2008 ला तेव्हाचे पंतप्रधान केविन रड संसदेत ‘सॉरी’ म्हणाले. तिथल्या आदिवासींच्या इंग्रजीत ‘सॉरी बिझनेस’ म्हणजे मृत्यूनंतरचे शोकविधी. म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा तो दुखरेपणा त्या शब्दात तिथे अजून जिवंत आहे. हैनानच्या वेळी पळवाट ठरलेला शब्द ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, सगळ्यात जड होता. मग कुठल्या यादीत, कितव्या पायरीवर बसवायचा तो?

जालियनवाला बागेचंही तेच. शंभर वर्षं पूर्ण होण्याच्या तीन दिवस आधी, 10 एप्रिल 2019 ला, तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे ब्रिटिश संसदेत ‘डीपली रिग्रेट’ म्हणाल्या. विरोधी पक्षनेत्याने लगेच स्पष्ट अपॉलॉजी मागितली. ती आली नाही. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘माफी’ लिहिणारा उपसंपादक असेल तर त्याने इतिहासच बदलला म्हणायचं.

कायद्यानेही या फटीत बोट घातलं आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1986 मध्ये कायदा केला, की अपघातग्रस्त माणसाकडे वा त्याच्या घरच्यांकडे व्यक्त केलेली सहानुभूती दिवाणी खटल्यात दोषाची कबुली म्हणून वापरता येणार नाही. पुढे बऱ्याच राज्यांनी असेच कायदे केले. ‘तुमच्या दुःखाने मला वाईट वाटतं’ एवढं म्हणायलाही कायद्याचं संरक्षण लागावं, हे मला थोडं विचित्र वाटतं. पण चूक ‘सॉरी’ या शब्दाची आहे. दुखतंय आणि चुकलंय, दोन्ही त्याच्या एकाच खिशात.

तर ते पत्र. मी ‘झालेल्या उशिराबद्दल आम्हाला खेद आहे’ असं करून परत पाठवलं, आणि कायदा विभागाने तासाभरात मंजूर केलं. बिल मात्र ठरल्या तारखेनंतर दोन महिन्यांनी निघालं. सोबत त्यांच्या हिशेब खात्याचा एका ओळीचा मेल होता: ‘वी रिग्रेट द डिले.’