‘कार्डं पंच करणाऱ्या बायका’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सोव्हिएत गटातल्या संगणकावर काम करणाऱ्या बायकांवरच्या माझ्या लेखाला दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन आहेत. पहिला, सोव्हिएत गटात संगणकावर बायका होत्या त्या नुसत्या कार्डं पंच करायला, म्हणजे संगणकाला माहिती द्यायच्या कार्डांवर भोकं पाडायला. त्यांचं कौतुक म्हणजे कम्युनिस्ट राजवटीची भलामण. दुसरा, राजवटी कोसळल्यावर मोकळीक मिळताच त्या या कामातून आपखुशीने बाहेर पडल्या.

आधी भलामणीचं बघू. संगणकशास्त्रज्ञ कातेरिना युश्चेन्को युक्रेनच्या. १९३७ साली त्यांच्या वडिलांना अटक झाली आणि कीव विद्यापीठाने मुलीला काढून टाकलं. शिक्षण पुरं झालं ते पार ताश्कंदला. ज्या राजवटीने हे केलं तिची बाजू घ्यायचं मला काहीच कारण नाही. मला या बाईंचं काम लोकांपुढे आणायचं आहे.

कीवजवळच्या फेओफानियात १९५१ साली ‘मेस्म’ हा संगणक रीतसर कामाला लागला. त्याच्या मुख्य स्मृतीत ३१ संख्या आणि ६३ आज्ञा मावत. कुठला आकडा कुठल्या खणात आहे याचा हिशोब प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठेवायचा, खण बदलले की आज्ञाही बदलायच्या. या कटकटीतून वाट काढायला युश्चेन्कोंनी व्लादिमिर कोरोल्युक यांच्या साथीने १९५५ साली ‘ॲड्रेस’ (म्हणजे पत्ता) ही प्रोग्रॅमिंग भाषा रचली. समजा १०० नंबरच्या खणात २५० लिहिलंय आणि २५० नंबरच्या खणात ७. त्यांच्या भाषेत १०० च्या आधी एक छोटी रेघ दिली की उत्तर २५०, दोन रेघा दिल्या की ७. एका खणात दुसऱ्या खणाचा पत्ता ठेवायचा, यालाच आज पॉइंटर म्हणतात; ज्याने सी ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकताना त्यापायी रात्री जागवल्या आहेत, त्याला हे वेगळं सांगायला नको. फोरट्रान ही प्रसिद्ध अमेरिकन प्रोग्रॅमिंग भाषा आली त्यानंतर, १९५७ साली.

पुढे २००० साली पॉइंटर व्हेरिएबलच्या शोधासाठी आयट्रिपलई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हॅरॉल्ड लॉसन यांचा गौरव केला. लॉसन यांचं पीएल/वन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं काम मोठंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण युश्चेन्को तेव्हा हयात होत्या. त्या वारल्या २००१ साली.

संस्थांच्या प्रमुखपदी पुरुषच होते, हे तुमचं म्हणणं खरं आहे. लेबेदेव, ग्नेदेन्को, ग्लुश्कोव, एकामागून एक. पण त्यावरून बायकांचं काम किरकोळ होतं असं कसं ठरतं? यंत्र बांधणारा तो शास्त्रज्ञ आणि त्या यंत्राकडून काम करून घेणारी ती मदतनीस, ही उतरंड तिथेही होती आणि अमेरिकेतही. विस्मरणाचं मूळ मला तरी तिथेच दिसतं. आणि कार्डं पंच करणाऱ्या बायकांना तुम्ही ‘नुसत्या’ म्हणालात, ते मला मनापासून खटकलं. त्यांच्या हातून एक भोक चुकलं तर सगळं गणित चुकायचं.

आता ‘आपखुशीने’. पूर्व जर्मनीत रोबोट्रॉन हा संगणक बनवणारा प्रचंड सरकारी उद्योग होता, ६८,००० च्या आसपास माणसं. एकीकरणानंतर तो मोडीत निघाला. कारखान्यांबरोबर त्यांची पाळणाघरंही गेली. नव्वदीच्या सुरुवातीला तिथल्या बेरोजगारांत जवळजवळ दोन तृतीयांश बायका होत्या. मूल सांभाळायला कुणी नाही, जुन्या यंत्रावरचं कौशल्य रातोरात निकामी, आणि नवी नोकरी देणारा विचारतो घरी लहान मूल आहे का. याला आपखुशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बायकांना हे काम आवडतच नसतं, तर एकेकाळी सोव्हिएत गटात असलेल्या बल्गेरियात आजही संगणकतज्ज्ञांमध्ये चौथ्या हिश्शाहून जास्त बायका दिसल्या नसत्या. युरोपीय संघाची सरासरी पाचव्या हिश्शाच्याही खाली आहे.

जाता जाता एक विनंती. पवईच्या आयआयटीत सोव्हिएत मदतीतून मिन्स्क-२ हा संगणक आला होता. त्यावर काम केलेल्या कुणी बाई तुमच्या ओळखीत, नात्यात असतील तर जरूर कळवा. त्यांच्याशी बोलायला मला फार आवडेल.