आधी हॅशटॅग, मग थालीपीठ

थालीपीठ तव्यावरून ताटात आलं, वर लोण्याचा गोळा विरघळायला लागला, की तुम्ही काय करता? खाता. इथेच तुमचं चुकतं. आधी फोटो, मग हॅशटॅग, मग थालीपीठ. तोवर ते गार होईल, होऊ द्या. फोटोत वाफ तशीही नीट येत नाही.

फोटोखाली दोन ओळी लिहायची एक जुनी पद्धत होती. ‘आईची भाजणी, यंदा धने जरा जास्त पडले’ वगैरे. असलं वाचायला कुणाला वेळ आहे? त्याऐवजी सरळ घाला: #थालीपीठ #थालीपीठलव्हर #फूडी #पुणे #मुंबई #दुबई #लव्ह #लाइफ #मंडेमोटिव्हेशन. वार शनिवार असला तरी चालतो. दुबई कशाला, हा प्रश्न मनातही आणू नका. दुबईत मराठी माणसं आहेत आणि त्यांना भूक लागते.

किती घालावेत? इन्स्टाग्रामने वर्षानुवर्षं एका पोस्टला तीस हॅशटॅगांची मुभा दिली होती. तीस फुकट मिळत असताना आठावर थांबणारा माणूस लग्नाच्या पंगतीत एकाच जिलबीवर पान उचलत असला पाहिजे. २०२१ मध्ये खुद्द इन्स्टाग्रामनेच सुचवून पाहिलं की तीन ते पाच पुरेत, तेही विषयाला धरून. विषयाला धरून! आमच्या शाळेत निबंध तपासणाऱ्या बाईही हेच म्हणायच्या. त्यांना फॉलोअर किती होते, विचारा.

आता थोडं व्याकरण. हॅशटॅगात जागा सोडायची नाही, सोडली की तो तिथेच तुटतो. काही घाबरट लोक दोन शब्दांमध्ये खालची रेघ घालतात, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं. तुम्ही सलग लिहा. मी तेच केलं होतं. पुण्यात वेताळ टेकडीवर आजीला घेऊन आम्ही डबे खायला गेलो, दगडावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाणाऱ्या आजीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, #आजीवनभोजन. संध्याकाळपर्यंत तिघांनी विचारलं, मेसची वर्गणी एकरकमी भरायची का आणि रविवारी फीस्ट असते का. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘चौघं मिळू देत, सुरू करते.’

दोन शब्दांमध्ये आडवी दांडीही जरूर द्या. #आई-बाबा असं लिहिलंत की दांडीपाशी हॅशटॅग संपतो. आई निळ्या अक्षरांत चमकते, जगभरच्या आयांमध्ये जाऊन बसते आणि बाबा पलीकडे साध्या काळ्या अक्षरांत उभे राहतात. घरातही साधारण असंच असतं, त्यामुळे कुणाची तक्रार येत नाही.

दुःखाच्या प्रसंगीही हात आखडता घेऊ नका. काका गेल्याचं कळवताना #आरआयपी #मिसयूकाका इथवर सगळेच जातात. तुम्ही पुढे #फॅमिली #इन्स्टाडेली #फॉलोफॉरफॉलो असं घाला. दहाव्यापर्यंत रीच टिकतो.

ही सगळी भानगड मुळात निघाली कुठून, तेही ऐकून ठेवा, म्हणजे आपण किती पुढे आलोय ते कळेल. २३ ऑगस्ट २००७ रोजी क्रिस मेसिना नावाच्या गृहस्थांनी ट्विटरवर विचारलं की गटासाठी शब्दाआधी # हे चिन्ह वापरलं तर कसं. ट्विटरवाल्यांना ते फार काही पटलं नाही, हे संगणकवेड्यांचे खेळ, असं त्यांचं मत पडलं. दोनच महिन्यांत कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ वणवे पेटले आणि लोक #सॅनडिएगोफायर लावून कुठला रस्ता बंद, कुठली वस्ती रिकामी केली, हे एकमेकांना सांगू लागले. म्हणजे एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना एकाच कामाची माहिती एका जागी सापडावी, एवढाच त्या चिन्हाचा वकूब होता.

आपल्याकडेही २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबई तुंबली तेव्हा काही साध्याभोळ्या माणसांनी हा असाच वापर केला. #रेनहोस्टिंग लावून, आमच्याकडे दोघांची झोपायची सोय आहे, चहा मिळेल, या, असं अनोळखी लोकांना कळवत बसले. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. पाऊस वाढला की #मुंबईरेन्स लावायचा आणि खाली कांदाभज्यांची बशी टाकायची. कुर्ल्याला रुळांवर पाणी आहे का, हे त्याच हॅशटॅगवर शोधणाऱ्या माणसाला आधी तुमची भजी दिसली पाहिजेत. मग माझी. मग एका फ्लॅट विकणाऱ्याची जाहिरात, ज्यात फ्लॅटमधून पाऊस दिसतो.

पण महाराष्ट्राने जगाला दिलेली खरी भर म्हणजे फ्लेक्सवरचा हॅशटॅग. चौकात वीस फुटी फ्लेक्स, मधोमध गॉगल लावलेले दादा, भोवती शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे चेहरे आणि तळाशी #दादापर्व #भावीआमदार. हॅशटॅग दाबल्यावर उघडतो ही समजूत इथे गळून पडते. मी एकदा सिग्नलला थांबलो असताना दाबून पाहिला. बोटाला धूळ लागली. लग्नपत्रिकेतही आता ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’च्या खाली जोडप्याचा हॅशटॅग असतो. आमच्या घरच्या कार्यात तो असा बेतला होता की उघडल्यावर त्याच नावांच्या आणखी दोन जोडप्यांची लग्नं निघाली. एका लग्नात जेवण आमच्यापेक्षा बरं दिसत होतं. आत्याने अहेराचा फोटो त्यांचाच लाइक केला.

हल्ली काही मंडळी हिरमोड करणाऱ्या बातम्या आणतात. एक्सचे, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरचे, मालक इलॉन मस्क यांनी डिसेंबर २०२४ मध्ये हात जोडले, कृपा करून हॅशटॅग थांबवा, यंत्राला त्यांची गरज उरली नाही आणि ते दिसतातही कुरूप. जून २०२५ मध्ये तर त्यांनी जाहिरातींतून ते हद्दपारच केले. पोस्ट कशाबद्दल आहे ते यंत्राला आपलं आपण कळतं म्हणे. माझी पोस्ट कशाबद्दल आहे ते माझ्या सख्ख्या भावाला कळत नाही. तुम्ही मनावर घेऊ नका, तीस काढले तर कॅप्शनमध्ये उरेल काय?

तर शेवटचा हॅशटॅग टाकला का? आता दहा मिनिटं थांबा. पहिली प्रतिक्रिया येईल, ‘नाइस पिक डिअर, प्रमोट इट ऑन अवर पेज’. दुसरी शारजाच्या गालिचे धुणाऱ्याची. तिसरी आईची, स्वयंपाकघरातून, मोबाइलवर नव्हे: ‘दुसरं टाकू का, ते चामट झालं असेल.’