चिठ्ठीवर नुसतं ०-०-१

परवा मार्केट यार्डात चहाच्या गाड्यावर एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं खिशातनं पाकीट काढलं. "दिवाणजी, डोळे बघा की तुमचे. रात्री ही अर्धी घ्या, लहान बाळासारखी झोप लागते." चुन्याची डबी पुढं करावी तसं पाकीट पुढं केलं. मी ते उलटं करून मागची लाल चौकट बघितली आणि परत त्यांच्या हातात दिलं. त्यांना वाटलं मी नाकं मुरडतोय. तसं नाही हो. तीच झोपेची गोळी मी जवळजवळ साडेतीन वर्षं खाल्ली आहे. बायको म्हणाली, गाड्यावर सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच टाका.

मी यार्डातल्या दुकानात हिशेबाच्या वह्या लिहितो आणि नदीकाठच्या गावभागात राहतो. ज्यांना सांगलीचा गावभाग माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. आमच्या घरात पाणी माळ्याच्या फळीला लागलं. आम्ही आठ दिवस विश्रामबागला मेहुण्याकडं. परत आलो तर आईचं शिलाई मशीन पालथं, गाद्या फुगलेल्या आणि भिंतीला सगळीकडं एका उंचीवर चिखलाची रेघ. वास दिवाळीपर्यंत गेला. माझी झोप मात्र गेली ती गेलीच.

सुरुवातीला वाटलं, दमणूक आहे. मग ध्यानात आलं की रोज दोन-अडीचला डोळा उघडतोय. शेजारच्यांची टाकी भरून वाहायला लागली तरी छातीत धडधड. उठून बॅटरी घेऊन उंबऱ्यापाशी पाणी आलंय का बघायचं. डिसेंबरात! नदीत ढोपरभर पाणी नाही आणि मी बॅटरी घेऊन उभा.

डॉक्टरांकडं गेलो. आमचे जुनेच, माणूस चांगला. बाहेर तीस-पस्तीस पेशंट खोळंबलेले. मी दोन मिनिटांत सांगितलं, त्यांनी एका मिनिटात लिहिलं. अल्प्राझोलाम, पॉइंट पंचवीस मिलिग्रॅम. पुढं ०-०-१, म्हणजे सकाळी नाही, दुपारी नाही, रात्री एक. किती दिवस, हे लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही. तोंडी काही म्हणाले असतील तर मला आठवत नाही.

खोटं कशाला बोलू, पहिल्या रात्री जी झोप लागली ती मी विसरणार नाही. सकाळी सहाला उठलो तेव्हा पाखरं ओरडत होती आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ती मला ऐकू आली. म्हणून गोळीला नुसत्या शिव्या देणारे लोक मला पटत नाहीत. ज्याची झोप उडाली नाही त्यानं 'टेन्शन घेऊ नका, अनुलोम-विलोम करा' सांगणं फार सोपं आहे. मी तेही करून बघितलं होतं, बॅटरी उशाशी ठेवून.

पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष. चिठ्ठी घडीवर फाटायला लागली तेव्हा मी तिला मागनं चिकटपट्टी लावली. आता आठवलं की हसू येतं. चिकटपट्टी लावलेली चिठ्ठी घेऊन मी मेडिकलवर जायचो, पोरगा न बघता पाकीट काढून द्यायचा. कायदा तसा कडक आहे. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-वन मध्ये आहेत. दुकानदारानं वेगळी वही ठेवायची, तीत लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं उतरवायचं आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची. पाकिटावरची लाल चौकट त्याचीच. मी जन्मभर वह्याच लिहिल्यात, त्यामुळं ही वही मला आवडली असती. एकदाही तिचं दर्शन झालं नाही. अर्थात मलाही ती नकोच होती. दुकानदारानं विचारलं असतं तर मी दुसरं दुकान धरलं असतं.

गोळी आत काय करते ते मला फार नंतर एका डॉक्टरांनी समजावलं. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, त्याचं काम गडबड शांत करण्याचं. ही गोळी त्याचा जोर वाढवते. पण रोज बाहेरनं जोर मिळायला लागला की मेंदू आपल्या बाजूनं ढिला पडतो. मग तेवढ्याच गोळीत भागत नाही, आणि गोळी नसली तर पहिल्यापेक्षा जास्त धडधडतं. आपल्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या हंगामाआधी उचल घेतात, तसं हे आहे. हातात पैसा येतो तो खराच असतो, पण फेडायचा असतो. त्यात अल्प्राझोलाम अंगातनं लवकर उतरतं, साधारण अकरा तासांत निम्मं. त्यामुळं दुपारी चारच्या सुमाराला मी चिडचिडा व्हायचो, आणि मला वाटायचं हमाल मुद्दाम त्रास देतायत.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं आणि पॉइंट पंचवीसची पॉइंट पाच झाली. कुणी वाढवली? मीच.

आता दुकानातलं सांगतो. एके दिवशी हळदीची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचं बिल, करताना मी १४ पोत्यांच्या जागी ४१ लिहिलं. तीस वर्षांत अशी चूक नाही. शेतकरी भला माणूस, कर्नाटकातला, त्यानंच बोट ठेवलं. म्हणाला, "साहेब, मी एवढी आणली नाही." शेठ हसले, मी नाही हसलो. रात्री बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "काल झोपताना तुम्ही माझ्याशी अर्धा तास बोललात, सकाळी तुम्हाला एक शब्द आठवला नाही. मी गप्प बसले." ती किती दिवस गप्प होती ते मी विचारलं नाही.

आणि मग मी सगळ्यात मोठा मूर्खपणा केला. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी 'झोपेची गोळी म्हणजे विष, आजच फेका' असा व्हिडिओ टाकला होता. पाडव्याचा संकल्प म्हणून मी त्या रात्रीपासून गोळी बंद केली. पहिली रात्र जागून काढली. दुसऱ्या दिवशी हाताला कंप. तिसऱ्या दिवशी दुपारी घामानं बनियन भिजलं, ट्यूबलाइटचा आवाज कानात घुसायला लागला, जबडा आवळला, छाती अशी उडायला लागली की शेठनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. इसीजी नॉर्मल. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, "काका, कुठली गोळी बंद केलीत का?" साडेतीन वर्षांत हा प्रश्न विचारणारी ती पहिली. म्हणाल्या, नशीब, फिट आली नाही. रोज घेतलेली ही गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते, माणूस दगावूही शकतो. व्हिडिओवाल्याला हे कुणीतरी सांगायला पाहिजे.

त्यांनीच मिरजेच्या मानसोपचार डॉक्टरांकडं पाठवलं. आमच्यात 'त्या' डॉक्टरांकडं जायचं म्हणजे अजून येरवडाच आठवतं. आईनं तर देवाजवळ दिवा लावला. सिटी बसमध्ये ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी दुपारी दोनची वेळ घेतली, आणि भेटले ते आमच्याच बोळातले दोघं. तिघंही "सहज आलो होतो" म्हणालो.

तिथं पहिल्यांदा चाळीस मिनिटं मिळाली. त्यांनी गोळी बंद केली नाही, बदलली. हळू उतरणारं क्लोनाझेपाम दिलं आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी थोडं थोडं कमी. शेवटी शेवटी चिमटीत न धरता येणारा तुकडा स्टीलच्या ताटलीत ब्लेडनं कापायचा, एक भाग कागदाच्या पुडीत उद्यासाठी, एक जिभेवर. सोनाराच्या दुकानात बसल्यासारखं वाटायचं. एकदा शिंक आली आणि उद्याची पुडी उडाली, फरशीवर बोट फिरवून शोधली. आठ महिने लागले. मधे एकदा कमी केलेलं सोसेना तर डॉक्टरांनी महिनाभर तिथंच थांबवलं. हे माझं झालं. माझा हिशेब बघून कुणी आपली गोळी कापायला बसू नका, ज्याचं त्याचं माप वेगळं असतं.

झोपेसाठी त्यांनी एक वही लिहायला लावली. कधी पडलो, कधी लागली, कितीदा उठलो. मी म्हणालो, हे आपलं काम! पंधरा दिवसांची बेरीज केली तर साडेनऊपासून सहापर्यंत मी अंथरुणात होतो आणि झोप पाच तास. बाकीचे साडेतीन तास नुसता कुस बदलणं. त्यांनी सांगितलं, रात्री बारापर्यंत पाठ टेकायची नाही, सकाळी साडेपाचला उठायचंच, दुपारची डुलकी बंद, आणि वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. पहिले दहा दिवस मी त्यांना मनातनं काय काय म्हणालो ते इथं लिहीत नाही. रात्री अकराला डोळे मिटतायत आणि बायको "अजून तास आहे" म्हणून हलवतेय. पण महिन्याभरात झोप गोळा व्हायला लागली. जुनाट निद्रानाशाला गोळीच्या आधी हाच उपचार द्यावा असं आता जगभरचे डॉक्टर सांगतात. आपल्याकडं तो सांगायला डॉक्टरांना वेळ लागतो, आणि गोळी लिहायला एक मिनिट.

माझं भांडण त्या एका मिनिटाशी आहे, गोळीशी नाही. या जातीची पहिली गोळी १९६० साली बाजारात आली, डायझेपाम १९६३ ला. त्याआधीची झोपेची औषधं जास्त घातक होती. फिट्सवाल्याला, दारू सोडताना थरथरणाऱ्याला, घाबरून श्वास कोंडलेल्या माणसाला या गोळ्या आजही तारतात. पण ती थोड्या दिवसांची पाहुणी. अमेरिकेच्या औषध खात्यानं तर २०२० मध्ये या सगळ्या गोळ्यांवर सवय लागण्याचा आणि एकदम सोडल्यावर होणाऱ्या त्रासाचा चौकटीतला इशारा छापायला लावला. आपली चौकट लाल आहे खरी, पण ती वाचतो कोण?

दुसरं म्हणजे, आपण काय खातोय तेच माहीत नसतं. माझी आष्ट्याची आत्या, वय ७४, 'मी असल्या गोळ्या शिवतसुद्धा नाही' म्हणायची. तिची पोटात मुरडा येतो म्हणून दिलेली गोळी बघितली तर तीत क्लोरडायझेपॉक्साइड! ती १९६० ची पहिली गोळी हीच. चार वर्षं घेत होती, आणि दुसऱ्या एका दवाखान्यातनं झोपेची 'साधी' गोळी वेगळीच. रात्री लघवीला उठली, तोल गेला, खुब्याचं हाड मोडलं. पडण्याला कारणं शंभर असतात, मी गोळीनंच पडली म्हणत नाही. पण म्हाताऱ्या माणसांना या गोळ्यांनी तोल जातो, बुद्धीवर झाकळ येते, हे डॉक्टरांच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तशीच उदासीची एस्सिटालोप्राम आणि हे क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून देतात. पहिलं महिनोन्‌महिने चालवायचं औषध, दुसरं लवकर थांबवायचं. एकाच गोळीत दोन्ही असली तर थांबवणार कसं? आणि लोक 'सवय लागते' म्हणून घाबरून दोन्ही सोडतात, वास्तविक एस्सिटालोप्राम झोपेची गोळी नव्हेच.

गाड्यावरच्या त्या व्यापाऱ्यांना मी एवढंच विचारलं, संध्याकाळी बसता का? म्हणाले, शनिवार-रविवार. दारू आणि ही गोळी दोन्ही श्वास मंद करतात, एकत्र आली की झोपेतच श्वास थांबू शकतो. त्यांनी पाकीट खिशात घातलं आणि हळदीच्या दरावर बोलायला लागले. परत भेटतील तेव्हा विषय काढीन. डॉक्टरांकडं जायला लाज वाटत असेल तर मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा सरकारी टेलिमानस नंबर फुकट आहे, तो आधी फिरवा म्हणणार आहे. पाकिटातली गोळी फेका असं मात्र म्हणणार नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याला विचारा, ही किती दिवस आणि सोडायची कशी.

पूर्ण बरा झालो का? जुलैत कोयनेतनं पाणी सोडल्याची बातमी आली की अजून पोटात गोळा येतो. मागच्या पावसाळ्यात एका रात्री अडीचला डोळा उघडला. वीस मिनिटं झाली तसा उठून सोप्यात येऊन बसलो. समोरच्या घरातही दिवा होता. त्या घरातले काका गॅलरीत उभे, अंगावर टॉवेल.

"किती झालं?" त्यांनी विचारलं.

"बत्तीस फूट."

"मग झोपा की."