‘चव ज्याची त्याची, आकडे कशाला?’ या सल्ल्याला उत्तर

खाद्यपदार्थांचा व्यवसाय करणाऱ्यांच्या गटांत एक मजकूर थोड्याफार फरकानं सतत फिरत असतो. त्याचं सार असं: चव ज्याची त्याची असते, तिला आकडे लावण्यात अर्थ नाही. तज्ज्ञांनाही लाल आणि पांढरी वाइन ओळखता येत नाही, हे सिद्ध झालंय. कोका-कोलानं दोन लाख लोकांना चाखायला देऊनही आपटी खाल्ली. तेव्हा सेन्सरी चाचण्या (म्हणजे माणसांना पदार्थ चाखायला देऊन घेतलेल्या शिस्तशीर परीक्षा) आणि त्यामागचं संख्याशास्त्र शिकण्यात वेळ घालवू नका. चार माणसांना खायला घाला, गुण विचारा, सरासरी काढा, काम झालं.

फूड टेक्नॉलॉजी शिकणारी मुलंही हे मला मोठ्या विश्वासानं ऐकवतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘चव ज्याची त्याची असते’

असतेच. पण या विधानात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले आहेत. दोन पदार्थांतला फरक कळतो का, हा एक प्रश्न. त्यातला कुठला आवडतो, हा दुसरा. आवड खाजगी आहे म्हणून फरक ओळखण्याची परीक्षा घेता येत नाही, असं होत नाही.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रातलं. म्युरियल ब्रिस्टल या शैवालशास्त्रज्ञ म्हणत की, कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे त्यांना चवीवरून कळतं. रोनाल्ड फिशर तिथेच संख्याशास्त्रज्ञ होते. १९३५ साली त्यांनी या परीक्षेची मांडणी छापली. आठ कप घ्यायचे, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. दूध आधी घातलेले चार कप निवडून दाखवायचे. आठांतून चार निवडायच्या रीती ७०. त्यांतली अचूक एकच. म्हणजे काहीही कळत नसताना निव्वळ अंदाजानं सगळे बरोबर यायची शक्यता ७० त १, साधारण १.४ टक्के. आता चारांपैकी तीन बरोबर आले तर? ऐकायला छान वाटतं, पण तीन किंवा चार बरोबर यायच्या रीती १७ आहेत, म्हणजे अंदाजपंचे ठोकणारी व्यक्तीही जवळजवळ २४ टक्के वेळा इतकं करून दाखवेल. कागद-पेन्सिल घेऊन हे ७० आणि १७ स्वतः मोजून पाहा. या विषयाचा पाया तेवढ्यात समजतो.

‘तज्ज्ञांनाही काही कळत नाही’

हा मुद्दा सगळ्यात जास्त शेअर होतो आणि त्यातच सगळ्यात जास्त मोडतोड झाली आहे. ज्याचा दाखला देतात तो प्रयोग फ्रान्समधल्या बोर्दोचा, २००१ साली प्रसिद्ध झालेला. चाखणारे ५४ जण वाइनशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांना आधी एक पांढरी आणि एक लाल वाइन देऊन दोघींच्या वासाचं वर्णन करायला सांगितलं. पुढच्या बैठकीत तीच पांढरी वाइन दोन ग्लासांत दिली, त्यातल्या एकीत चव-वास नसलेला लाल रंग मिसळून. आधी लाल वाइनसाठी वापरलेले शब्द मुलांनी या रंगवलेल्या वाइनला लावले. ‘ही लाल की पांढरी?’ असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. प्रयोगातून दिसलं ते हे की, डोळा नाकाला ओढून नेतो. म्हणून तर चांगल्या प्रयोगशाळेत रंगातला फरक झाकायला लाल दिवे लावतात आणि नमुन्यांवर ‘अ’, ‘ब’ न लिहिता तीन आकडी यादृच्छिक क्रमांक टाकतात.

दुसरा दाखला कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या वाइन स्पर्धेचा. रॉबर्ट हॉजसन यांनी तिथल्या परीक्षकांच्या ३० ग्लासांच्या फेरीत चार वाइन प्रत्येकी तीनदा, एकाच बाटलीतून ओतून, न सांगता मिसळल्या. २००८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: जेमतेम १० टक्के परीक्षकांनी तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पट्ट्यातले गुण दिले. हे खरं आहे आणि गंभीरही आहे. पण हे कळलं कसं, ते मजकूर पाठवणारे सांगत नाहीत. एकच नमुना लपवून पुन्हा पुन्हा दिला आणि प्रत्येक परीक्षकाच्या गुणांमधली हालचाल मोजली, म्हणून कळलं. ते जी शिकू नका म्हणतात, तीच ही पद्धत.

पॅनेल, म्हणजे चाखणाऱ्यांचा ठरलेला गट, चालवणारा माणूस हेच काम दर आठवड्याला करतो. प्रत्येक चाखणाऱ्याबद्दल तो तीन गोष्टी तपासतो. त्याला नमुने वेगळे जाणवतात का? तोच नमुना पुन्हा दिल्यावर तो तेच म्हणतो का? आणि बाकीच्यांना जो जास्त आंबट लागतो, तोच यालाही जास्त आंबट लागतो का? अ‍ॅनोव्हाच्या (गुणांतला फरक कशाकशामुळे पडला ते वेगळं काढणाऱ्या गणिताच्या) तक्त्यात नमुना, चाखणारा आणि त्या दोघांची आंतरक्रिया अशा ओळी असतात. ही आंतरक्रियेची ओळ मोठी दिसली की समजायचं, ‘आंबट’ म्हणजे काय याबद्दल पॅनेलमध्येच एकमत नाही. मग प्रशिक्षण पुन्हा. चाखणारे चुकतात हे गृहीत धरूनच ही सगळी रचना उभी आहे.

‘दोन लाख लोकांना विचारूनही कोक फसला’

२३ एप्रिल १९८५ ला नवं कोक आलं, ११ जुलैला जुनं परत आणल्याची घोषणा झाली. नवं कोक आणण्याआधीच्या चाचण्यांत सुमारे दोन लाख लोकांनी, कुठलं कुठलं हे न कळता, घोट घेऊन पसंती सांगितली होती आणि कौल नव्या चवीला होता. त्या प्रश्नाचं ते उत्तर बरोबरच होतं. पण ‘जुनं बाजारातून कायमचं गेलं तर चालेल का?’ हा प्रश्न त्या पेल्यांत नव्हताच. शिवाय एका घोटाला जे गोड छान लागतं, ते अख्खी बाटली संपवताना नकोसं होऊ शकतं. म्हणून नमुना आठवडाभर घरी वापरायला देऊन मग विचारायची वेगळी पद्धत आहे. चुकीचा प्रश्न दोन लाखांना विचारला तरी चुकीचाच राहतो, एवढंच या प्रकरणातून निघतं.

‘सरासरी काढली की झालं’

खरं नुकसान या वाक्यामुळे होतं.

समजा, कमी साखरेचं श्रीखंड १०० जणांना दिलं. गुण १ ते ९ या हेडॉनिक स्केलवर, म्हणजे १ ला अतिशय नावडलं, ९ ला अतिशय आवडलं. (अमेरिकन सैन्याच्या जेवणाची आवड-नावड मोजायला शिकागोत तयार झालेली ही मोजपट्टी आजही जगभर चालते.) ५० जणांनी ८ दिले, ५० जणांनी ४. सरासरी ६, ‘किंचित आवडलं’. आणि ६ देणारा एकही माणूस त्या खोलीत नव्हता. सरासरी पाहणारा मालक साखर थोडी वाढवतो आणि दोन्ही गटांना नाराज करतो. नुसता स्तंभालेख काढला असता तरी दोन टेकाडं दिसली असती. नमुने पाच-सहा असतील तर क्लस्टर अ‍ॅनालिसिस आणि प्रेफरन्स मॅपिंग हेच काम करतात: कुणाला काय आवडतं याचे गट पाडतात आणि ते गट पदार्थाच्या कुठल्या गुणाशी जोडलेले आहेत ते दाखवतात.

क्रमाचंही तसंच. पहिल्या नमुन्याला पडणारे गुण बरेचदा पुढच्यांहून वेगळे असतात, केवळ तो पहिला असल्यामुळे. सगळ्यांना आधी आपलं लोणचं आणि मग स्पर्धकाचं दिलं, तर फरक लोणच्याचा की क्रमाचा, हे नंतर कुठल्याही गणिताला सांगता येणार नाही.

आणि चार माणसं? ट्रँगल टेस्ट घ्या. तीन नमुने, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा कोणता ते सांगायचं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत १९४० च्या दशकात ती विकसित झाली. अंदाजानं बरोबर यायची शक्यता १/३. १२ जण बसवले तर ५ टक्के पातळीवर (म्हणजे निव्वळ अंदाजानं तितके बरोबर यायची शक्यता ५ टक्क्यांहून जास्त नको) फरक मानायला किमान ८ बरोबर लागतात. सात आले की लोक लिहून टाकतात: ‘फरक नाही, स्वस्त तेल वापरायला हरकत नाही.’ इथे थांबा. समजा, तीनातल्या एका ग्राहकाला तो फरक खरोखर कळतो. तरीही १२ जणांची चाचणी तो पकडण्याची शक्यता फक्त ३२ टक्के भरते. म्हणजे तीनातून दोनदा ती तुम्हाला खोटा दिलासा देणार. दरवर्षी एकेक घटक असा ‘फरक नाही’ म्हणत बदलत गेलं, की मूळ चवीपासून आपण किती लांब आलो हे कळतं तेव्हा जुनं गिऱ्हाईक गेलेलं असतं. फरक सिद्ध न होणं आणि दोन पदार्थ सारखे असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढं एक जरी शिकलात तरी शिकण्याचे कष्ट वसूल झाले.

‘हे मोठ्या कंपन्यांचं काम’

सॉफ्टवेअरचा खर्च हे कारण आता उरलेलं नाही. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणक-भाषा फुकट आहे, त्यातलं फ्रान्समधल्या रेनचं सेन्सोमाइनआर हे पॅकेजही, आणि नॉर्वे-डेन्मार्कच्या संशोधकांनी बनवलेलं पॅनेलचेक हे वेगळं सॉफ्टवेअरही. घरगुती व्यवसायाला १०० जणांचं पॅनेल लागत नाही, हे मात्र मला मान्य आहे. मसाल्याचा पुरवठादार बदलायचाय? सोसायटीतली २४ माणसं जमवा. तीन नमुन्यांचे क्रम सहाच होतात, प्रत्येक क्रम चौघांना द्या. वाट्यांखाली तीन आकडी क्रमांकांच्या चिठ्ठ्या, मध्ये पाण्याचा घोट, एकमेकांशी बोलायचं नाही. १३ किंवा जास्त बरोबर आले तर फरक आहे असं धरा. तोच तीनातल्या एकाला कळणारा फरक इथे पकडला जाण्याची शक्यता ६३ टक्क्यांच्या आसपास जाते. ती तुम्हाला कमी वाटत असेल तर पुढच्या रविवारी आणखी माणसं बोलवा, पण किती बोलवायची ते पहिली वाटी भरायच्या आधी ठरवा.