वैयक्तिक अनुशेष कसा वाढवावा

मराठवाड्याचा अनुशेष किती, हे 1984 साली दांडेकर समितीने मोजून दिलं. साडेसातशे कोटींच्या घरात निघाला. पण तो रस्त्यांचा, सिंचनाचा, शाळा-दवाखान्यांचा. तुमच्या-माझ्या टेबलावरचा अनुशेष मोजायला अजून कुठलीच समिती आलेली नाही, म्हणून तो वाढवायची जबाबदारी आपल्याच शिरावर आहे. सरकारी नोकरीत नव्याने रुजू झालेल्यांना चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा खटाटोप.

पहिलं म्हणजे नेमणुकीच्या गावात राहू नका. नेमणूक तालुक्याला असेल तर बिऱ्हाड जिल्ह्याला ठेवा, जिल्ह्याला असेल तर थेट संभाजीनगरला. कागदोपत्री मात्र मुख्यालयीच राहा, घरभाडे भत्त्याचा प्रश्न असतो. अप-डाऊनचा फायदा असा, की माणूस सकाळी पोचतो तोच दमलेला, आणि दमलेल्याला काम सांगायला साहेबालाही जिवावर येतं. 2020 मध्ये पाच दिवसांचा आठवडा झाला, त्याच्या बदल्यात कार्यालयाची वेळ पावणेदहाची झाली. पैकी पाच दिवस आपण मनापासून स्वीकारले. पावणेदहाचं विचाराधीन आहे.

साडेदहाला साहेबांचा फोन आलाच तर नुसतं "निघालोच" म्हणू नका, त्यावर आता शेंबडं पोरही विश्वास ठेवत नाही. ठिकाण सांगावं. "मोंढ्यापाशी आलोय बघा साहेब, ट्रका आडव्या लागल्यात." फक्त मागे कुकरची शिट्टी होणार नाही एवढं बघा. आमच्या एका सहकाऱ्याची झाली. साहेब शांतपणे म्हणाले, "मोंढ्यात वरण शिजायलंय का?"

आल्याबरोबर खुर्चीच्या पाठीवर टॉवेल टाका, चष्मा काढून उघड्या फायलीवर ठेवा आणि चहाला जा. चष्मा हीच तुमची हजेरी. चष्मा आहे म्हणजे माणूस लांब गेलेला नाही, असं लोक समजतात. म्हणून एक जास्तीचा चष्मा करून घ्यावा, बिननंबरचा असला तरी चालतो. टपरीवर जायकवाडी किती टक्के भरलं, नाशिककरांनी किती अडवलं, सोयाबीनचं काय होणार, हे सगळं निकाली काढूनच उठावं. गुटख्याला राज्यात 2012 पासून बंदी आहे, तेव्हा जिन्याच्या कोपऱ्यातला रंग हा रंगकामाचा समजावा.

आता फाईल. खरं कसब इथं आहे. 2005 च्या विलंब-प्रतिबंधाच्या कायद्यानुसार कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे कामाच्या सात दिवसांहून जास्त राहू नये. घाबरू नका. फाईल टेबलावर राहू नये इतकंच. काम होऊ द्या असं तुम्हाला कुणी सांगितलं? सहाव्या दिवशी "चर्चा करावी" असा शेरा मारून वर ढकला. कुणी, कुणाशी, कधी, हे लिहू नये. वरचे "चर्चेप्रमाणे" लिहून खाली पाठवतात. दोघांची गाठ पडलेलीच नसते, पण चर्चा रेकॉर्डवर येते. मग "स्वयंस्पष्ट अभिप्रायासह फेरसादर", मग "व्हीसीनंतर (म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सनंतर) बघू", मग सर्व्हर बंद. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. त्याच उन्हाळ्यात आमच्याकडची एक विहिरीची फाईल एका कपाटातून शेजारच्या कपाटात गेली. मधे चार सह्या होत्या.

कुणी विचारलंच, तर पदं रिक्त आहेत म्हणावं. ते खरंही असतं, हीच त्यातली गंमत.

लोकांशी मात्र गोड बोला. "होत नाही" हा शब्द तोंडातून जाता कामा नये, त्याने माणूस चिडतो आणि वर अर्ज करतो. "सोमवारी या" म्हणावं. आमच्याकडे एक म्हातारबा असेच सोमवारी यायचे, वारसाच्या नोंदीसाठी. नायलॉनच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद, त्यातच फडक्यात बांधलेली भाकरी. पहिल्या एसटीने यायचे, माझ्या टेबलासमोरच्या बाकड्यावर बसायचे, आणि कागद कोपऱ्यांवर फाटू नयेत म्हणून ते मांडीवर घेऊन तळहाताने सरळ करत राहायचे. मी टपरीवरून परतलो की उठून उभे राहायचे. सातव्या-आठव्या सोमवारी मी साडेबाराला परतलो, तेव्हा मात्र ते उठले नाहीत. शिपायाला विचारत होते,

"चष्मा तर कवाचा आलाय. मालकाचे डोळे कधी यायलेत?"

सगळा विभाग हसला. मीही हसलो. दुपारी डोळे आल्याचं कारण लिहून मी दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली.