दोन देशांतील सामंजस्य वाढवू इच्छिणाऱ्या लेखकांस अनुदानविषयक मार्गदर्शन

भारत आणि पोर्तुगाल यांच्यातील सामंजस्य आपल्या लेखणीने वाढावे, अशी इच्छा गोव्यातील डिचोली, फोंडा किंवा पेडण्यातील एखाद्या लेखकाच्या मनात उत्पन्न झाली असेल, तर प्रथम त्याचे अभिनंदन. हाती एक ओळही लिहून झालेली नसेल तर अधिकच अभिनंदन, कारण लिहून झालेल्या मजकुराला कोणी अनुदान देत नाही. न लिहिलेल्या मजकुराचा नमुना मात्र अर्जासोबत जोडावा लागतो. माझा अर्ज गेल्याच आठवड्यात परत आल्यामुळे हे मार्गदर्शन अगदी ताजे आहे.

विषय भिंतीवरचा, ताटातला किंवा गाण्यातला असावा. पणजीतल्या फोंतेन्हासची रंगीत घरे, निळ्या फरशा, बेबिंका हे गोव्याचे पक्वान्न आणि फादो हे पोर्तुगीज गाणे यांच्यावर सामंजस्य फार लवकर वाढते.

छायाचित्रे जोडावीत. त्यांत समुद्र दिसल्यास उत्तम.

दोन्ही देशांच्या संबंधांचा आढावा मागितलेला असतो. तो १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला तेथून सुरू करावा आणि थेट वर्तमानात आणून सोडावा. १५६० साली गोव्यात आलेले इन्क्विझिशन म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १६८४ चा कोंकणीबंदीचा हुकूम, १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून जिंकलेली वसई, तसेच १९६१ नंतरही ३१ डिसेंबर १९७४ च्या करारापर्यंत गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व अमान्य करणारा पोर्तुगाल, ही ठिकाणे वाटेत लागतात. पण तेथे थांबू नये. परीक्षकांना भोजनापूर्वी असले काही वाचवत नाही.

‘अपेक्षित परिणाम’ या रकान्यात सामंजस्य किती टक्क्यांनी वाढेल ते लिहावे. कोणीही मोजायला येत नाही.

अंदाजपत्रकाबाबत मात्र सविस्तर सांगणे भाग आहे. सावंतवाडीकर भोसले आणि पोर्तुगीज यांच्यातील पत्रव्यवहार मराठीत आणि पोर्तुगीजमध्ये समोरासमोर छापावा, असा माझा प्रस्ताव होता. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल म्हणजे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या हाती कसे गेले, हे दोन्ही बाजूंच्या वाचकांना एकाच पुस्तकात कळावे, इतकाच हेतू. अर्जाच्या छापील नमुन्यात मान्यवरांची निवासव्यवस्था, शाल-श्रीफळ, व्यासपीठामागचा फलक, अल्पोपाहार आणि ‘स्नेहभोजन’ यांना स्वतंत्र ओळी होत्या. मोडी वाचून लिप्यंतर करणाऱ्याला ओळ नव्हती, जुने पोर्तुगीज हस्ताक्षर लावणाऱ्याला नव्हती आणि अनुवादकालाही नव्हती. या तिघांचा मोबदला मी नाइलाजाने ‘इतर’ खाली दाखवला, आणि ‘इतर’ हा खर्च एकूण रकमेच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावा, या नियमावर बोट ठेवून अर्ज बाद करण्यात आला. म्हणजे जेवणावळीला मांडव मंजूर, पत्रावळी मंजूर, आचाऱ्याची टोपीही मंजूर. तांदूळ तेवढे ‘इतर’! शिवाय मंजूर झाले असते तरी रक्कम काम संपल्यावर, मूळ पावत्या दाखवल्यावरच मिळणार होती. तोपर्यंत अनुवादकाने काय खावे? स्नेहभोजनाची वाट पाहावी?

सत्तरीतल्या पिसुर्ले गावच्या डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या पुराभिलेखागारात आयुष्य घालवून मराठे आणि पोर्तुगीज यांचे संबंध दोन्ही भाषांत लिहिले. आज त्यांनी या नमुन्यावर अर्ज केला असता, तर तोही ‘इतर’पाशीच अडकला असता.

अनुदान देणाऱ्यांनो, सभागृहात तीच पन्नास माणसे बोलावून, तीच भाषणे ऐकवून तुम्ही कोणत्या दोन देशांना जवळ आणता? लिस्बनमधला वाचक डिचोलीबद्दल काय जाणतो आणि डिचोलीतला वाचक लिस्बनबद्दल काय जाणतो, हे तुमच्या फलकाला विचारून कळणार नाही. मोडी आणि जुने पोर्तुगीज दोन्ही वाचणारी माणसे गोव्यात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, ती म्हातारी होत आहेत, आणि तुम्ही त्यांना पावत्या मागता. लाज वाटू द्या. पुढच्या वर्षीचा नमुना छापायला जाण्यापूर्वी त्यात अनुवादकाची ओळ घाला, निम्मा मोबदला आगाऊ द्या, आणि पैसे कमी पडत असतील तर शाली कमी करा.