गुरुवारचे आजारपण

अचानक आजारी पडणाऱ्या माणसाविषयी आमच्या कचेरीत फार आदर आहे. सकाळी नऊच्या सुमारास फोन करून, मध्येच दोनदा खोकून, 'आज जमेलसे वाटत नाही' असे क्षीण आवाजात सांगितले, की साहेब स्वतःहून विश्रांती घ्यायला सांगतात. पंचाईत होते ती माझ्यासारख्या मधुमेह्याची, कारण आपण कोणत्या वारी रक्त देणार आणि कोणत्या वारी डॉक्टरांपुढे बसणार, हे त्याला पंधरा दिवस आधी ठाऊक असते. मी सोमवारी गुरुवारच्या रजेचा अर्ज पुढे केला, तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारले, "गुरुवारी आजारी पडणार, हे तुम्हाला सोमवारीच कसं कळलं हो?"

आजारी नाही, नुसती तपासणी आहे, असे मी सांगितले आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. आजारी नसलेल्याला आजारपणाची रजा कशी द्यायची? तिला सर्टिफिकेट लागते आणि माझे डॉक्टर धडधाकट माणसाला ते देत नाहीत. उरली किरकोळ रजा. दुकाने आणि आस्थापनांसाठीचा महाराष्ट्राचा २०१७चा कायदा नोकरदाराला वर्षाला ८ किरकोळ रजा देतो. त्या तिमाहीच्या हिशेबाने, म्हणजे दोन-दोन करून जमा होतात आणि वर्ष सरले की न घेतलेल्या बुडतात. इकडे रक्तातल्या तांबड्या पेशींचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असल्यामुळे त्यांच्यावरून तीन महिन्यांची सरासरी साखर कळते, आणि ती चाचणी डॉक्टर मला दर तीन महिन्यांनी करायला लावतात. एक रजा रक्त द्यायला, दुसरी रिपोर्ट दाखवायला. कायद्याचा मसुदा करणाऱ्यांत कोणीतरी मधुमेही असावा, अशी माझी आता जवळजवळ खात्री झाली आहे. (गावच्या जत्रेचा विचार त्याने केला नाही, पण मधुमेह्याने जत्रेत जाऊन खायचे तरी काय?)

गुरुवारी उपाशीपोटी कर्वे रस्त्यावरच्या लॅबमध्ये साडेसातला पोहोचलो, तर माझ्यापुढे सोळा ज्येष्ठ नागरिक. त्यांच्यापैकी एकालाही कोठे जायचे नव्हते आणि प्रत्येकाला घाई होती. आठ वाजता रक्त काढून झाल्यावर काउंटरवरच्या मुलीने बजावले, "काका, नाश्त्याच्या पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी या. आणि नेहमीचंच खा हं!" माझे 'नेहमीचे' म्हणजे वर शेव घातलेले पोहे आणि दोन चमचे साखरेचा चहा, पण हे डॉक्टरांना अद्याप ठाऊक नाही. शेवटी सव्वाआठला समोरच्या हॉटेलात दोन इडल्या आणि बिनसाखरेचा चहा घेतला, आणि कॉपी करून पेपर लिहिणाऱ्या मुलासारखा इकडेतिकडे पाहत बाहेर पडलो.

आता सव्वादहापर्यंत करायचे काय? घरी जावे, तर दळणाचा डबा दारातच वाट पाहत असणार. कचेरी जंगली महाराज रस्त्यावर, मेट्रोने नळ स्टॉपहून डेक्कन जिमखाना हाकेच्या अंतरावर. तासभर जाऊन चार कागद हातावेगळे करावेत, असा सद्विचार मनात आला आणि तिथेच घात झाला. सवयीने मी दारातल्या यंत्रावर अंगठा टेकवला. साहेबांनी "रजेवर आहात ना? मग एवढं जरा बघून टाका" म्हणत एक जाडजूड फाइल पुढे सरकवली. दहा वाजता मी घड्याळ दाखवून निसटलो, तेव्हा पुन्हा अंगठा टेकवला. यंत्राने प्रामाणिकपणे चाळीस मिनिटांची हजेरी नोंदवली. हजर असलेल्याला रजा नाही आणि चाळीस मिनिटांना अर्धा दिवस म्हणत नाहीत, म्हणून हजेरीपटावर मी चक्क गैरहजर लागलो. पुढच्या आठवड्यात जो खुलासा मला लेखी द्यावा लागला, त्यात 'इडली' हा शब्द तीनदा आला होता.

रिपोर्ट दाखवायचा दिवस मात्र तुलनेने सुखाचा गेला. अकराची वेळ होती, डॉक्टर राउंडवर होते, एक वाजता आले. त्यांनी कागदावर नजर फिरवून "छान! आता ही चाचणी सहा महिन्यांनी केली तरी चालेल" असे म्हटले, तेव्हा दोन किरकोळ रजा वाचल्याच्या आनंदात जत्रेची तारीखही मला आठवली. एवढ्यात त्यांनी चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहिली: वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. त्यासाठी थेंब घालून बाहुल्या मोठ्या करतात, मग काही तास जवळचे धूसर दिसते, गाडीही चालवता येत नाही, "तेव्हा त्या दिवशी कामावर जाऊ नका," डॉक्टर म्हणाले.

सोमवारी मी नवा अर्ज घेऊन उभा राहिलो. साहेबांनी तो सावकाश वाचला आणि विचारले, "म्हणजे पुढच्या बुधवारी तुम्हाला दिसणार नाही?"